जहाजबांधणी अभियंता मंत्री होतो तेव्हा : बेनेदेत्तो ब्रिनवरील व्याख्यान कसे तयार करावे

नागपुरात अभियांत्रिकी शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्याला बेनेदेत्तो ब्रिन या इटालियन जहाजबांधणी अभियंत्यावर व्याख्यान द्यायचे असेल, त्याने पदांच्या यादीपासून सुरुवात करू नये. तूरिन येथे १८३३ मध्ये जन्म, १८७६ मध्ये नौदलमंत्री, १८९२ मध्ये परराष्ट्रमंत्री आणि १८९८ मध्ये मंत्रिपदावर असतानाच मृत्यू, हे सारे दोन मिनिटांत सांगून होते आणि त्यातून हा माणूस कळत नाही. त्याऐवजी एकच जहाज निवडावे आणि त्याच्या मागोमाग श्रोत्यांना गोदीतून मंत्रालयात न्यावे.

ते जहाज म्हणजे ‘दुइलिओ’ ही युद्धनौका. १८७३ मध्ये नौदलमंत्री सेंट-बोन यांनी ब्रिनला आपल्या खात्यात उच्चपदावर घेतले. जहाज कसे हवे हे सेंट-बोन ठरवीत आणि त्याचा आराखडा ब्रिन काढी. नेपल्सजवळच्या कास्तेल्लाम्मारे येथील गोदीतून ८ मे १८७६ रोजी ‘दुइलिओ’ पाण्यात उतरले, तेव्हा ब्रिन स्वतः मंत्री होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. म्हणजे अभियंता म्हणून कागदावर रेखाटलेले जहाज पूर्ण करण्याची जबाबदारी मंत्री म्हणून त्याच्याच माथी आली. व्याख्यानाचा निम्मा वेळ या एका गोष्टीला द्यावा, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यातूनच निघाले आहेत.

वजनाची कल्पना आकड्यांनी येत नाही. ‘दुइलिओ’वर ४५० मिलिमीटर व्यासाच्या चार तोफा होत्या आणि प्रत्येकीचे वजन सुमारे १०० टन होते. अजनीच्या लोको शेडमध्ये दिसणारे मालगाडीचे अवजड विद्युत इंजिन १२३ टनांचे असते, हे सांगितले की समुद्र न पाहिलेल्या श्रोत्यालाही अशा चार तोफा तरंगत्या ठेवणे म्हणजे काय, ते उमगते.

त्यानंतर चिलखताकडे, म्हणजे जहाजाच्या बाजूंवरील जाड संरक्षक पत्र्यांकडे, वळावे. १८७६ मध्येच इटलीतील ला स्पेत्सिया बंदराजवळ याच १०० टनी तोफेने जाड पत्र्यांवर चाचण्या घेण्यात आल्या. लोखंडी पत्रे भेदले गेले. फ्रान्समधील क्रूझोच्या पोलादी पत्र्याला तडे गेले, पण गोळा आरपार गेला नाही. इटलीने पोलाद निवडले. मात्र तोफा इंग्लंडच्या आर्मस्ट्राँग कंपनीच्या आणि चिलखत फ्रान्सचे, हे परावलंबन त्या निवडीतून उघडे पडले. १८८४ मध्ये ब्रिन दुसऱ्यांदा नौदलमंत्री झाला आणि त्याच वर्षी इटलीतील तेर्नी येथे पोलादाचा मोठा कारखाना स्थापन झाला. तेर्नी समुद्रकिनाऱ्यापासून दूर, डोंगराळ भागात आहे. शत्रूच्या आरमाराचा मारा तेथवर पोहोचणार नव्हता आणि यंत्रे चालवायला धबधब्यांचे पाणी हाताशी होते. अंबाझरीचा आयुधनिर्माणी कारखाना ज्या शहरात आहे, त्या शहरातील श्रोत्यांना देशाच्या मध्यभागी शस्त्रांचे कारखाने का उभारतात, हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

विरोधकांना वगळू नये. ब्रिनची जहाजे अवाढव्य आणि खर्चिक आहेत, हा आक्षेप त्याच्या नौदलातच होता. ब्रिनच्या पहिल्या आणि दुसऱ्या मंत्रिपदाच्या मधल्या काळात नौदलमंत्री झालेल्या अॅडमिरल अक्तोन यांनी लहान जहाजांचा आग्रह धरला. हा वाद सविस्तर मांडावा, कारण त्यात दोन्ही बाजू जाणकारांच्या होत्या.

विश्वेश्वरय्यांशी तुलना करण्याचा मोह नागपुरात होणारच, कारण येथील राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेला त्यांचेच नाव आहे. १९०९ मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि १९१२ मध्ये दिवाण, हा क्रम जुळतो खरा. पण दिवाण हा महाराजांनी नेमलेला असे आणि ब्रिनला संसदेत उत्तरे द्यावी लागत. हा फरक सांगता येत नसेल तर तुलना करूच नये.

परराष्ट्रमंत्रिपदाचा काळ थोडक्यात, पण प्रामाणिकपणे सांगावा. १८९३ मध्ये फ्रान्समधील एग-मोर्त येथे इटालियन मजुरांची हत्या झाली, तेव्हा ब्रिनने फ्रान्सपुढे नमते घेतल्याची टीका झाली. ज्याच्यावर आपले प्रेम आहे, त्याच्या चरित्रातील असे प्रसंग गाळले की उरलेल्या कौतुकावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

ब्रिनच्या मृत्यूनंतर त्याच्याच आराखड्याच्या एका युद्धनौकेला त्याचे नाव देण्यात आले आणि १९१५ मध्ये ब्रिंदिसी बंदरात स्फोट होऊन ती बुडाली. ही घटना फार तर एका वाक्यात सांगावी. तिच्यावर भाषण संपवू नये, कारण तेव्हा ब्रिनला जाऊन सतरा वर्षे झाली होती.