बाळाचं डोकं चपटं झालंय? मोहरीची उशी राहू दे, आधी हे करा

दोन-तीन महिन्यांच्या बाळाचं डोकं एका बाजूने चपटं दिसायला लागलं की घरातून पहिला सल्ला येतो, मोहरीची उशी दे. नका देऊ. वर्षाच्या आत कुठलीच उशी नको, मोहरीची नको आणि ती ऑनलाइन मिळणारी मधे खळगा असलेली पण नको, कारण नाक दबलं तर एवढ्याशा बाळाला मान सोडवून घेता येत नाही. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2022 मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका असं स्पष्टच सांगितलंय. मालिशवाल्या मावशी डोकं दाबून गोल करून देते म्हणाल्या तर त्यांनाही गोडीत नाही म्हणायचं, टाळूला हलक्या हाताने तेल लावा म्हणावं, बस्स.

होतं कशाने? कवटीची हाडं मऊ असतात आणि डोकं भराभर वाढत असतं, जन्मताना साधारण 35 सेंमी असलेला घेर वर्षभरात 46 च्या आसपास जातो, मग बाळ ज्या बाजूवर सारखं टेकून असतं तिकडे वाढायला वावच मिळत नाही. नुसतं टेकून चपटं झालं असेल तर मेंदूला काही होत नाही, घाबरू नका. पण म्हणून कुशीवर किंवा पालथं झोपवायचं नाही हां, झोप उताणीच. अमेरिकेत 1994 पासून उताणं झोपवायची मोहीम चालली तेव्हापासून झोपेत अचानक जाणारी बाळं खूप कमी झाली, चपटी डोकी वाढली ती त्याच्यामुळेच, पण तेवढं परवडलं.

करायचं काय तर बाळाची जागा बदलत राहायची. बाळ भिंतीकडे बघत नाही, आई, खिडकी, दार जिकडे तिकडेच मान करतं, म्हणून आज जिकडे डोकं तिकडे उद्या पाय, म्हणजे आपोआप दुसरी बाजू टेकते. बाटलीने पाजत असाल तर दर वेळी हात बदला, आपण सवयीने एकाच हातावर घेतो ते लक्षातही येत नाही. झोळीत, कारसीटमध्ये तासन्तास ठेवू नका, कडेवर छातीशी घ्या.

आणि जागं असताना पालथं घालणं, हे खरं औषध. पहिल्या आठवड्यापासून चालतं, समोर कोणीतरी बसलेलं हवं, दूध पाजल्या पाजल्या नको. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं दिवसातून दोन-तीनदा, मग वाढवत दोन महिन्यांपर्यंत दिवसभरात मिळून अर्धा तास. रडतं खूप? मग तुम्ही टेकून बसा आणि छातीवर पालथं घ्या, तुमचं तोंड बघायला ते मान उचलतंच.

आता तपासायचं कसं. अंघोळीनंतर केस ओले असताना बाळाला पुढ्यात बसवून धरा, मान सांभाळा, आणि वरून बघा. चपट्या बाजूचा कान थोडा पुढे सरकलाय, कपाळही त्या बाजूला जरा पुढे वाटतंय, तर बहुतेक टेकूनच झालंय. पण तो कान उलट मागे ओढलेला दिसला, कवटीवर हाताला कडक उंचवटा लागला किंवा डोकं जन्मापासूनच वेडंवाकडं असून वाढत चाललंय, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा, कवटीचे सांधे लवकर जुळलेले असू शकतात आणि त्याला ऑपरेशन लागू शकतं. खुळखुळा एका बाजूने दुसरीकडे नेला आणि बाळ कुठल्यातरी एका बाजूला मान वळवतच नसेल तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो, त्याचे व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या, यूट्यूब बघून मान ओढू नका.

डोक्याला आकार द्यायला बाळाला घालतात त्या हेल्मेटचं विचाराल तर खर्चिक, दिवसाचे 23 तास घालायचं, आणि 2014 च्या एका डच अभ्यासात हेल्मेट घातलेल्या न घातलेल्या मुलांत दोन वर्षांची होईपर्यंत फारसा फरक उरला नव्हता. अगदीच जास्त असेल तरच विचार करा, पण मग बाळ पाच-सहा महिन्यांचं असतानाच डॉक्टरांशी बोला, पुढे डोकं वाढायचा वेग मंदावतो. तोवर वरून एक फोटो काढत राहा आणि दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसीला जाताना तो मोबाईलमध्येच दाखवा.