घरच्या आठ माणसांपुरता तांबडा-पांढरा

तालमीचं जेवण असलं की मी डेगीपाशी असतो. चाळीस किलो मटणाला मीठ किती, चटणी किती, हे आता हातालाच कळतं. घरी आठ माणसांपुरता तांबडा-पांढरा रस्सा करायची वेळ आली तेव्हा मात्र पहिल्या दोन वर्षी माझी फजिती झाली. मी तालमीच्या हिशेबाला वीसनं भागलं होतं, आणि तो हिशेब घरात चालत नाही. मोठी डेग चूक पोटात घालते. लहान पातेल्यात पाणी भराभर आटतं, चटणी डोळ्यांदेखत करपते आणि पांढरा रस्सा फुटायला तर निमित्तच शोधत असतो.

आमच्याकडे कोल्हापुरात हे जेवण आषाढात होतं. मंगळवारी नाहीतर शुक्रवारी त्र्यंबोलीची यात्रा असते. पंचगंगेचं पावसाळ्यातलं नवं पाणी पी-ढबाक वाद्यांच्या तालावर टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्याच, टेकडीवर न्यायचं, देवीच्या पायऱ्यांवर ओतायचं आणि घरी येऊन आखाड, म्हणजे आषाढातलं मटणाचं जेवण, करायचा. पुण्याहून ताई, दाजी आणि त्यांची दोन पोरं येतात. आम्ही चौघं, त्यात आई. झाले आठ.

आठ माणसांना दोन किलो मटण पुरतं. माणशी पावशेर, हाडासकट. यात्रेच्या दिवशी सकाळी सातच्या आत दुकान गाठा, नंतर रांगेत पाऊस अंगावर घ्यावा लागतो. पालव्याचंच, म्हणजे कोवळ्या बकऱ्याचंच, मागा. मांडी आणि खांदा मिळून सव्वा किलो, बाकी चाप (बरगड्या), सीना (छाती) आणि मान. नुसत्या मांडीच्या मटणाला रश्श्यात चव उतरत नाही, ती हाडातून येते. नळ्या, म्हणजे आत मज्जा असलेली हाडं, किती आल्या ते तिथंच मोजून घ्या. आठ माणसांत तीन नळ्या आल्या की ताटावर काय होतं ते मी बघितलंय. दर विचारून कुरकुर करायची असेल तर करा, कोल्हापूरकरांनी २०१९ साली मटणाच्या दरावरून आंदोलनच केलं होतं, तेव्हा कुणी नावं ठेवणार नाही.

आता खरं काम, अळणी, म्हणजे चटणी-मसाला न घालता शिजवलेल्या मटणाचं पाणी. सगळं जेवण याच्यावर उभं आहे. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल, एक मोठा कांदा बारीक चिरून, त्यावर आलं-लसणाचं वाटण तीन चमचे. कांदा मऊ झाला की मटण आणि मीठ. हळद घालायची नाही. हळद घातलीत की पांढरा रस्सा पिवळा होतो आणि मग त्याला कितीही नारळ पाजा, तो पांढरा होत नाही. सुक्या मटणाला आणि तांबड्याला हळद नंतर घालता येते.

मटण परतून त्याचं स्वतःचं पाणी सुटलं की वर खोलगट ताट झाका आणि ताटात पाणी ओता. ही आईची पद्धत. खालच्या वाफेवर ताटातलं पाणी तापतं आणि तेच गरम पाणी थोडं थोडं आत सोडायचं. गार पाणी ओतलं की मटण आखडतं, असं ती म्हणते आणि माझा अनुभवही तोच आहे. दोन किलोला एकूण तीन लिटर पाणी धरा. पालव्याचं असेल तर सव्वा तासात शिजतं. कुकरला पाच-सहा शिट्ट्यांत होईल, पण अळणी गढूळ येते. घाईच असेल तर करा, मला विचारू नका.

शिजलं की अळणी गाळून घ्या. साधारण अडीच लिटर निघते. एक लिटर पांढऱ्याला, सव्वा लिटर तांबड्याला, उरलेली सुक्याला. तुकडे वेगळे ठेवा आणि आईसारखं कुणी घरात असेल तर मऊ तुकडे आत्ताच बाजूला काढा.

तांबडा आधी करायचा, कारण तो थांबला की आणखी चांगला लागतो. दोन कांदे उभे चिरून तेलावर लाल करा. अर्धी वाटी सुकं खोबरं भाजा, चमचा-चमचा तीळ आणि खसखस, लसणाची एक गड्डी, मूठभर कोथिंबीर, एक टोमॅटो. बारीक वाटून तेल सुटेपर्यंत परता. मग कांदा-लसूण चटणी, पोह्याच्या चमच्यानं भरून चार चमचे. आमची उन्हाळ्यात डंकावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, कुटलेली असते, रंगाला ब्याडगी मिरची आणि तिखटाला संकेश्वरी. इथंच लहान पातेलं दगा देतं. चटणी पडली की लगेच, अगदी दहा आकडे मोजायच्या आत, पळीभर गरम अळणी तिच्यावर घाला. करपत नाही आणि रंग वर येतो. मग बाकीची अळणी ओतून पंधरा मिनिटं उकळा. तवंग आपोआप दिसेल, त्यासाठी वरून तेल ओतायचं नाही.

सुक्याला फार सांगण्यासारखं नाही. कांदा, तेच थोडं वाटण, हळद, तीन चमचे चटणी, तुकडे आणि अळणी. आटवत आणा, मसाला तुकड्याला धरला की झालं.

पांढरा सगळ्यात शेवटी. पंधरा-वीस काजू, दोन चमचे खसखस, दोन चमचे मगज (सोललेल्या कलिंगड-खरबुजाच्या बिया) आणि एक चमचा पांढरे तीळ तासभर आधी कोमट पाण्यात भिजत घाला आणि गंधासारखं वाटा. खसखस कोरडी राहिली तर दाताखाली येते. एका ओल्या नारळाचं घट्ट दूध काढून ठेवा. दोन चमचे तुपात दालचिनी, चार लवंगा, तीन वेलदोडे, सात-आठ मिरे आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. वाटण मंद आचेवर परता, त्याला रंग येता कामा नये. अळणी घालून दहा मिनिटं उकळू द्या. मग आच अगदी बारीक आणि नारळाचं दूध. ढवळत राहा, कडेला वाफ दिसली की गॅस बंद. परवाच्या सालात दाजी ताटावर बसले आणि मी रस्सा गरमागरम वाढायचा म्हणून आच मोठी केली. दोन मिनिटांत वर पाणी, खाली चोथा. ताई म्हणाली, "दादा, हे ताक आहे का?" आता मी दूध घालायचं काम पाटपाणी झाल्यावरच करतो.

वेळ सांगायची तर रात्री आठचं जेवण धरा. साडेचारला अळणी चढवा, सहाला तांबडा, सातला सुकं. पावणेआठला भाकऱ्या सुरू. त्या बायकोच्या हातच्या, माझी भाकरी तव्यावर फुगत नाही. पांढऱ्याचं दूध तेवढ्यात. भात, लिंबू, कांदा बाजूला. पोरांना पांढऱ्याची वाटी आधी द्या, तिखटावर ती उतारा म्हणून लागते.

पांढरा उरला तर रात्रीच फ्रिजमध्ये, सकाळी गरम करताना पुन्हा उकळू नका. तांबडा मात्र थोडा मुद्दाम उरवतो. सकाळी ताई-दाजी गाडीला निघायच्या आधी शिळी भाकरी कुस्करून, वर तो रस्सा आणि कच्चा कांदा. दाजी त्यासाठी गाडी अर्धा तास उशिरा काढतात.