नऊ मेंडोलिन, ७२ तारा : एकत्र वाजवताना या चुका टाळा

वेंगुर्ल्यात आम्ही नऊ जण दर रविवारी मेंडोलिन घेऊन बसतो. एका वाद्याला आठ तारा, म्हणजे खोलीत ७२. सुरुवातीला अर्धी तालीम सूर लावण्यातच जायची आणि वाजवायला घेतलं की आवाज कसा, तर पत्र्यावर पाऊस पडावा तसा. "माजी बरोबर आसा, तुजी बघ," हे वाक्य ठरलेलंच.

चूक अशी की ट्यूनरचा, म्हणजे सूर बरोबर लागला का ते दाखवणाऱ्या यंत्राचा, हिरवा दिवा लागला की आम्ही थांबायचो. पण मेंडोलिनच्या तारा जोडीने असतात. जोडीतली एक ट्यूनरवर लावा, दुसरी तिच्याजवळ कानाने आणा. दोघींत जरा फरक असला की आवाज 'वँव-वँव' हेलकावतो. हेलकावा मंद होत थांबला की जोडी जुळली. तार चढी लागली तर नुसती उतरवून सोडू नका. जास्त सैल करा आणि खालून वर चढवत या, नाहीतर वाजवता वाजवता ती आणखी उतरते. खुंटी फिरवताना 'टक्' वाजलं तर तार वरच्या खाचेत अडकतेय, तिथे पेन्सिलीचं शिसं घासा. आणि एक जण लावत असताना बाकीच्यांनी हात तारांवर ठेवून गप्प बसायचं. हे नवव्या माणसाला पटवायला आम्हाला गणपती ते शिमगा एवढा काळ लागला.

ट्यूनरवर आंधळा विश्वास अंगाशी येतो तो पेटीसोबत. देवळात भजनाच्या बुवांबरोबर वाजवायचं होतं, घरून ४४० हर्ट्झवर, म्हणजे ट्यूनरच्या नेहमीच्या मापावर, चोख लावून गेलो. पेटी जुनी, जरा चढी. पहिल्याच ओळीला बुवांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. पेटीचे सूर जागचे हलत नाहीत, तेव्हा हलायचं आपण. आता आधी पेटी ऐकतो, ट्यूनरमधला ४४० चा आकडा तिच्याप्रमाणे बदलतो आणि मग खुंट्यांना हात लावतो.

मोकळ्या तारा सुरात आणि वरचे पडदे (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बेसूर? घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती पट्टी, सरकली असणार. ती चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. आठही तारा एकदम काढल्या की निसटते. म्हणून तारा एकेक करून बदला. बाराव्या पडद्यावर दाबून काढलेला सूर आणि तिथेच नुसता स्पर्श करून काढलेला सूर जुळवून बघा. दाबलेला चढा असेल तर घोडी मागे, तारा बांधतात त्या टोकाकडे, केसभर सरकवा. डिंक मात्र लावू नका. आमच्यातल्या एकाने लावला होता, त्यावर जास्त बोलत नाही.

लांब सुरावर पिकचे (तार छेडायच्या छोट्या चकतीचे) झपाट्याने वर-खाली घाव घालतात, ते ट्रेमोलो. प्रत्येकाचा वेग थोडा वेगळा असला तरी चालतो, उलट आवाज भरीव होतो. बिघडतं ते सुरुवातीला आणि शेवटी. पहिला घाव सगळ्यांचा खालच्या दिशेने, एकाच मात्रेवर. आणि सूर कुठे सोडायचा ते कागदावर पेन्सिलीने मांडलेलं. कोपर ताठ करून जोर लावणाऱ्याचा हात दुसऱ्या गाण्याला भरून येतो, हालचाल मनगटातून हवी.

मेंडोलिन आपल्या कानावर आलं ते हिंदी सिनेमातून, संगीतकार सज्जाद हुसेन आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत यांचं एकट्याचं वादन. त्यामुळे प्रत्येकाला मुख्य चालच हवी. मेंडोलिन ऑर्केस्ट्रात मात्र पहिलं मेंडोलिन, दुसरं, खालच्या सुरांना मँडोला आणि मँडोचेलो, जोडीला गिटार अशी वाटणी असते. आमच्याकडे मँडोला नाही, खालची बाजू दोन गिटारी सांभाळतात. दुसरी बाजू नवख्याला देऊ नका, तिथे पक्का माणूस बसवा. आमच्यात ती देण्यावरून दोन रविवार अबोला होता.

राहिला पाऊस. खारी हवा आणि दमट दिवस, तारा पंधरवड्यात तांबूस होतात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने खालूनही पुसा, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि समुद्राकडच्या मंडपात वाजवणार असाल तर कपड्यांचे चिमटे न्या, माणशी चार. गाण्यांचे सूर लिहिलेली आमची पानं एकदा नारळीच्या बागेत गेली, ती अजून सगळी सापडलेली नाहीत.