2000 पॉइंटची स्पर्धेसाठीची लिस्ट कशी बांधावी

वॉरहॅमर 40,000 हा टेबलावर छोट्या मूर्तींच्या (मॉडेलच्या) फौजा लढवायचा खेळ; त्यात प्रत्येक युनिटची, म्हणजे तुकडीची, किंमत पॉइंटमध्ये असते आणि फौजेच्या यादीला लिस्ट म्हणतात. त्याच्या दहाव्या आवृत्तीत (2023) 2000 पॉइंटचा सामना 44 × 60 इंचांच्या टेबलावर पाच राउंड चालतो (एका राउंडमध्ये दोघांचा एकेक टर्न, म्हणजे पाळी). 100 गुणांपैकी 50 प्रायमरीचे (मुख्यतः ठरलेल्या जागा ताब्यात ठेवण्याचे), 40 सेकंडरीचे (छोट्या जोडकामांचे) आणि 10 रंगवलेल्या फौजेचे. म्हणून लिस्टची सुरुवात सगळ्यात मोठ्या तोफेपासून करू नका.

आधी 250 ते 350 पॉइंट बाजूला काढा आणि त्यात दोन-तीन स्वस्त युनिट घ्या. अ‍ॅक्शन (गुणांसाठीचं ठरलेलं काम) करणारं युनिट त्या टर्नला गोळीबार किंवा चार्ज (धावून जाऊन हल्ला) करू शकत नाही. हे काम 200 पॉइंटच्या रणगाड्याला दिलं तर त्याच्या तोफा त्या टर्नपुरत्या वाया जातात. हीच युनिट मागची बाजूही राखतात. डीप स्ट्राइकने (सामना सुरू असताना थेट टेबलावर) उतरणाऱ्याला तुमच्या प्रत्येक मॉडेलपासून 9 इंचांपेक्षा जास्त लांब राहावं लागतं. 32 मिमी बेसची (पायाखालच्या गोल चकतीची) पाच मॉडेल दोन-दोन इंच सोडून एका रांगेत उभी केली की रांग 14 इंचांची होते, आणि दोन्ही टोकांचे 9 इंच धरून जवळपास 32 इंच बंद होतात.

मग रणगाडे फोडायची ताकद मोजा. इथे अंदाजावर अजिबात विसंबू नका. 3+ वर, म्हणजे फाशावर 3 किंवा जास्त आल्यावर, लागणारी लासकॅनन ही तोफ (स्ट्रेंग्थ म्हणजे माऱ्याची ताकद 12; एपी -3, म्हणजे समोरची सेव्ह तीनने बिघडते; डॅमेज डी6+1, म्हणजे एक फासा अधिक एक) घ्या. समोर टफनेस (चिवटपणा) 10, सेव्ह (मारा अडवणारा फासा) 3+, वूंड (किती डॅमेज सोसतो ते) 11 असलेला रणगाडा. लागण्याची शक्यता 2/3, वूंड होण्याची 2/3, एपीमुळे 6+ झालेली सेव्ह चुकण्याची 5/6, सरासरी डॅमेज 4.5. एका गोळीमागे साधारण 1.67, म्हणजे सरासरीने सहा-सात गोळ्या. तोच रणगाडा कव्हरमध्ये (आडोशाला) गेला की सेव्ह 6+ ऐवजी 5+ होते आणि आठ-नऊ गोळ्या लागतात. स्पर्धेच्या टेबलांवर आडोसा भरपूर असतो, त्यामुळे हिशोब नेहमी कव्हर धरूनच करा. चार लासकॅननवर ‘रणगाड्यांचा बंदोबस्त झाला’ समजणारी लिस्ट इथेच फसते.

एकच डेटाशीट (युनिटचा प्रकार) तीनदाच घेता येते. बॅटललाइन (फौजेची मुख्य युनिट) आणि डेडिकेटेड ट्रान्सपोर्ट (सैनिक वाहणाऱ्या गाड्या) सहादा. एन्हान्समेंट (पात्रांना पॉइंट मोजून मिळणारी खास ताकद) जास्तीत जास्त तीन, तीही वेगवेगळी, आणि एपिक हिरोला (नाव असलेल्या खास पात्राला) मिळत नाहीत. युनिटची किंमत टप्प्यांनी लागते: 5 किंवा 10 च्या युनिटमध्ये सहा मॉडेल घेतली तरी पॉइंट दहाचेच मोजावे लागतात.

वेळेचाही हिशोब हवा. तीन तासांच्या सामन्यात वाट्याला 90 मिनिटं येतात. मांडणीची दहा वजा केली तर टर्नला 16 मिनिटं. शंभरावर मॉडेलची फौज असेल तर घड्याळ लावून किमान पाच सराव सामने खेळा, नाहीतर चौथा-पाचवा राउंड खेळायचाच राहतो आणि तिथले गुण जातात.

लिस्ट पाठवण्याआधी आयोजकांनी कोणत्या तारखेची पॉइंटयादी धरली आहे ते बघा. पॉइंट वर्षातून अनेकदा बदलतात. जुन्या आकड्यांवर 1995 ची लिस्ट नव्या यादीत 2010 ची निघू शकते.