कोळंबीची शेती: या चुका टाळा

व्हेनामी या कोळंबीच्या जातीचा भाव ऐकून खाजणात जेसीबी उतरवणारे दरवर्षी भेटतात. चुका मात्र नव्या कुणी करत नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे रोग लागलेला तलाव खाडीत सोडणं. पालघरकडच्या एका खाडीवर पाहिलेली गोष्ट. सकाळी कोळंबी कडेला येऊन सुस्त पडली होती, अंग लालसर, डोक्याच्या कवचावर पांढरे ठिपके. व्हाइट स्पॉट हा विषाणूचा रोग, शेंबडं पोरही ओळखेल. पुढचं पीक लवकर घेता येईल म्हणून मालकाने रातोरात गेट उघडून ओहोटीबरोबर सगळं पाणी सोडून दिलं. भरतीला शेजाऱ्यांनी तेच पाणी पंपाने आत घेतलं. आठवडाभरात ओळीने तलाव बसले. आणि या शहाण्याचं पुढचं पीकही गेलं, कारण पाणी त्यालाही त्याच खाडीतून घ्यायचं होतं!

असा तलाव दिसला की मी आधी गेट पक्कं करतो, मग शेजाऱ्यांना फोन, मग ब्लीचिंग पावडर. आठवडाभर पाणी बाहेर जात नाही. मेलेली कोळंबी चुना घालून पुरायची. बांधावर टाकली तर कावळे-बगळे ती उचलून पुढच्या तलावात नेतात. खेकडेही हा विषाणू आणतात, म्हणून बांधाला जाळी हवीच.

दुसरं खूळ खाद्यात अँटिबायोटिक मिसळण्याचं. विषाणूला अँटिबायोटिक काय करणार? क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांवर तर बंदीच आहे; अंश सापडला की निर्यातीचा माल परत येतो. शिवाय गाळात औषधाला न जुमानणारे जंतू माजतात. "मग नॉर्वेवाले सॅमन माशाला काय देतात?" असं एकाने मलाच ऐकवलं. 1987 च्या सुमारास तिथे वर्षाला सुमारे 50 टन अँटिबायोटिक जायचं, चांगल्या लसी आल्यावर ते जवळजवळ थांबलं. कोळंबीला तशी लस टोचता येत नाही. म्हणून बीज, म्हणजे पिल्लं, विषाणूसाठी पीसीआर चाचणी करूनच घ्यावं. तिथे पैसे वाचवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, निघून येतो.

दाटी करू नका. 2009 मध्ये भारतात व्हेनामीला परवानगी देताना चौरस मीटरला 60 पिल्लांची मर्यादा घातली होती. मी त्याच्याही बराच खाली थांबतो. चिलीत 2007 साली सॅमनच्या दाट पिंजऱ्यांत विषाणू शिरला आणि तिथला बराचसा धंदा झोपला.

खाद्य चेक ट्रेमध्ये, म्हणजे किती खाल्लं ते पाहायला तलावात ठेवलेल्या ताटात, उरलं की पुढची पाळी कमी करा. उरलेलं तळाशी कुजतं, पहाटे ऑक्सिजन पडतो, आणि मालक शिव्या देतो पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्रवाल्याला, म्हणजे एरेटरवाल्याला.