ट्रिप्टोफॅनचा स्पेक्ट्रम घ्यायच्या आधी

दोन प्रथिनं एकमेकांना जुळतात का, हे ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या चमकेवरून पाहायचं असेल, तर आदल्या दिवशीच दोन्ही प्रथिनांचे अमिनो आम्लांचे अनुक्रम उघडा आणि त्यांतली ट्रिप्टोफॅन मोजा. मानवी सीरम अल्ब्युमिनसारखं एकच असेल (२१४ क्रमांकाचं) तर काम सोपं. दोघांकडे चार-चार असतील, तर कॉम्प्लेक्स (दोन्ही प्रथिनांची जोडी) जुळल्यावर नेमकं कुणाचं बदललं ते कळणार नाही. मग म्युटंट (ट्रिप्टोफॅन मुद्दाम बदललेलं प्रथिन) हवा, आणि तो एका रात्रीत तयार होत नाही.

उत्तेजन, म्हणजे चमक आणायला टाकायचा प्रकाश, २९५ नॅनोमीटरला. २८० ला टायरोसीन हे दुसरं अमिनो आम्लही प्रकाश शोषून घेतं, वर आपली ऊर्जा शेजारच्या ट्रिप्टोफॅनला देऊन मोकळं होतं. पाण्याला उघड्या ट्रिप्टोफॅनचं शिखर ३५० च्या आसपास येतं, प्रथिनाच्या पोटात दडलेल्याचं ३३० च्या आसपास किंवा त्याहूनही अलीकडे. हेच सरकणं आपल्याला टिपायचंय.

बफर ताजा आणि गाळलेला. प्रथिनाचं ऑक्सिडेशन रोखायला घालतात ते डीटीटी जुनं झालं की २८० जवळ शोषतं, त्याऐवजी त्याच कामाचं टीसेप बरं. ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट नकोच, ते स्वतःच चमकतं. नुसत्या बफरचा स्पेक्ट्रम आधी घ्या: त्यात ३२८ जवळ एक लहानसा उंचवटा दिसेल. तो पाण्याचा रामन, म्हणजे पाण्याने विखुरलेला प्रकाश. उत्तेजन २९० ला नेलंत की तो ३२२ कडे सरकतो. ट्रिप्टोफॅनचं शिखर सहसा असं मागोमाग जात नाही. हा उंचवटा ‘दडलेलं ट्रिप्टोफॅन’ म्हणून मी एकदा दोन दिवस मिरवलाय, म्हणून सांगतो.

खरी पंचाईत संहतीची. आतल्या आत प्रकाश गिळला जाऊ नये म्हणून २९५ ला शोषण ०.१ च्या खाली हवं, ०.०५ असेल तर उत्तम. पण तेवढं पातळ करताना संहती केडीच्या (ज्या संहतीला साधारण निम्मी जोडी सुटते तिच्या) खाली गेली, तर बरंचसं कॉम्प्लेक्स सुटतं आणि आपण सुट्ट्या प्रथिनांचाच स्पेक्ट्रम घेत बसतो. केडी आधी माहीत करून घ्या. संहती जास्त ठेवावीच लागली तर ३ मिलिमीटरचं क्युवेट (नमुना ठेवायची चौकोनी नळी) वापरा. क्युवेट क्वार्ट्झचं, चारही बाजू पारदर्शक. दोन बाजू घासलेलं शोषणाचं क्युवेट हमखास हाती येतं.

क्वेंचिंग (चमक विझवणारं रसायन घालून ट्रिप्टोफॅन किती उघडं आहे ते पाहणं) करणार असाल तर अॅक्रिलामाइडला हातमोजे घाला, ते मज्जासंस्थेला विषारी आहे. पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात चिमूटभर थायोसल्फेट टाका, नाहीतर ते पिवळं पडतं. आयोडाइड वाढेल तसं पोटॅशियम क्लोराइड कमी करत एकूण क्षार सारखेच ठेवा. क्षार बदलले की विद्युतभारांवर टिकलेलं कॉम्प्लेक्स त्यानेच ढिलं पडू शकतं.

तापमान बांधून ठेवा, गरम झालं की चमक घटते. दोन मोजमापांच्या मध्ये शटर बंद. शेवटी तीन नळ्या: पहिलं एकटं, दुसरं एकटं, दोन्ही मिळून. पहिल्या दोघांची बेरीज आणि तिसरीचा आलेख तंतोतंत जुळला, तर एक तर जुळणीच झालेली नाही, नाहीतर तुमचं ट्रिप्टोफॅन दोन प्रथिनांच्या सांध्यापासून लांब आहे.