नवी वेबसाइट सुरू, ईमेल बंद: होस्टिंग बदलताना या चुका टाळा

नवी वेबसाइट झळकते आणि त्याच दिवशी ऑफिसचे ईमेल यायचे थांबतात. छोट्या व्यवसायांत ही तक्रार नेहमीची. डोमेन, होस्टिंग आणि ईमेल एकाच बिलात आले की लोक ती एकच गोष्ट धरून चालतात, आणि घोळ तिथून सुरू होतो.

डोमेन म्हणजे नावाची नोंदणी, ती रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) असते. वेबसाइटच्या फायली होस्टिंगच्या सर्व्हरवर असतात. मेलबॉक्स त्याच सर्व्हरवर असेल, नाहीतर गूगल वर्कस्पेस, झोहो अशा कुणाकडे तरी. या तिघांना जोडतात त्या डीएनएसच्या, म्हणजे इंटरनेटच्या पत्तावहीच्या, नोंदी: ए रेकॉर्ड वेबसाइटचा आयपी पत्ता सांगतो, एमएक्स रेकॉर्ड मेल कुणाच्या हवाली करायचा ते सांगतो. या सगळ्या नोंदी ज्याच्याकडे ठेवलेल्या असतात तो नेमसर्व्हर.

सगळ्यात महागात पडणारी चूक: विचार न करता नेमसर्व्हर बदलणे

नवा होस्टिंगवाला सांगतो, ‘आमचे नेमसर्व्हर टाका, बाकी आम्ही बघतो.’ ते टाकले की जुन्या ठिकाणच्या सगळ्या नोंदी निरुपयोगी होतात. नव्या ठिकाणी असतात त्या फक्त आपोआप तयार झालेल्या नोंदी, आणि त्यातला एमएक्स नव्या सर्व्हरकडेच बोट दाखवतो. तिथे तुमचे मेलबॉक्स नाहीत, त्यामुळे पाठवणाऱ्याकडे ५५० क्रमांकाच्या त्रुटीसह मेल परत जातो. तिथे ‘कॅच-ऑल’ (कुठल्याही पत्त्यावरचा मेल एकाच खात्यात घेणारी सोय) चालू असेल तर आणखी वाईट: मेल निमूटपणे भलत्याच खात्यात साठत राहतो आणि कुणालाच पत्ता लागत नाही.

नुसती वेबसाइट हलवायची असेल तर नेमसर्व्हरला हात लावू नका. मुख्य डोमेनचा ए रेकॉर्ड आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची नोंद एवढंच बदला. नेमसर्व्हर बदलणं भागच असेल, तर आधी जुन्या पॅनेलमधून झोन फाइल (सगळ्या नोंदींची यादी) एक्स्पोर्ट करा. ती सोय नसेल तर प्रत्येक नोंदीचा स्क्रीनशॉट घ्या. डीकेआयएमची (मेलवरची डिजिटल सही तपासण्याची) नोंद विशेष जपून घ्या. तिचं नाव ‘सिलेक्टर’ या मेलसेवेने ठरवलेल्या शब्दावर ठरतं आणि सिलेक्टर माहीत नसेल तर बाहेरून ती सहज शोधता येत नाही. सगळं नव्या ठिकाणी भरून, तपासून मगच नेमसर्व्हर बदला.

आता, बदल दिसत नाही म्हटलं की होस्टिंगवाले देतात त्या ‘२४ ते ४८ तास थांबा’ या ठरलेल्या उत्तराविषयी. प्रत्येक नोंदीला टीटीएल असतो: इतर सर्व्हरांनी ती किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा. अनेक पॅनेलांत तो १४४०० असतो, म्हणजे ४ तास. ए रेकॉर्ड बदलण्याच्या आदल्या दिवशी तो ३०० करून ठेवा. बदल केल्यानंतर कमी करून उपयोग नाही, कारण जुना आकडा तोवर सगळीकडे पोहोचलेला असतो. डॉट कॉमच्या नेमसर्व्हरचा टीटीएल मात्र रजिस्ट्रीच (सगळ्या डॉट कॉम नावांची मुख्य नोंद ठेवणारी संस्था) ठरवते: १७२८०० सेकंद, बरोबर ४८ तास. तेवढ्या काळात काही मेल जुन्या सर्व्हरवर तर काही नव्यावर जातात, म्हणून जुनं होस्टिंग किमान आठवडाभर चालू ठेवा.

फॉर्मचे मेल तेवढे येत नाहीत

बाहेरचे सगळे मेल येतात, पण स्वतःच्या वेबसाइटवरच्या चौकशी फॉर्मचा मेल गायब. मेलबॉक्स गूगलकडे आणि वेबसाइट सीपॅनेल या पॅनेलवर चालणाऱ्या होस्टिंगवर असेल तर हे हमखास घडतं. सर्व्हरला वाटतं की या डोमेनचे मेल आपल्याकडेच राहतात, म्हणून तो एमएक्स न पाहताच ते स्वतःकडे ठेवतो. सीपॅनेलमध्ये ‘ईमेल रूटिंग’ उघडा आणि ‘लोकल’ऐवजी ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ निवडा.

दुसरं कारण फॉर्ममध्येच असतं. भेट देणाऱ्याचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये घातला की तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवतो आणि तो स्पॅममध्ये जातो किंवा नाकारला जातो. ‘फ्रॉम’मध्ये स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा, ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये.

दोन एसपीएफ म्हणजे शून्य एसपीएफ

एसपीएफ ही एक टीएक्सटी नोंद आहे. आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, ते ती सांगते. गूगलची एक नोंद आधीच असते, मग न्यूजलेटरची सेवा घेतली जाते आणि तिच्या सूचनेप्रमाणे दुसरी नोंद टाकली जाते. नियमानुसार एका डोमेनला एकच एसपीएफ चालतो. दोन सापडले की तपासणी कायमची त्रुटी देते आणि दोन्ही बाद. जुन्याच नोंदीत दुसरा ‘इन्क्लुड’ (त्या सेवेच्या सर्व्हरांची यादी जोडणारा भाग) जोडा, मात्र तपासताना होणारे डीएनएस लुकअप (नोंदींची विचारणा) एकूण १० पेक्षा जास्त नकोत. एका ‘इन्क्लुड’च्या पोटातले लुकअपही त्यात धरले जातात.

डीकेआयएम मेलवर सही करतो. डीमार्क ही तिसरी नोंद. ती एसपीएफ आणि डीकेआयएम ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी पडताळायला लावते आणि दोन्हींपैकी एकही जुळलं नाही तर काय करायचं ते ठरवते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतो. दिवसाला ५००० च्या वर पाठवत असाल तर दोन्ही, शिवाय डीमार्क. डीमार्कची सुरुवात ‘नन’ (काही अडवू नका) धोरणाने करा आणि रिपोर्ट पाहून मगच ‘क्वारंटाइन’वर (स्पॅममध्ये टाका) जा. पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ (नाकारा) लावणारे ग्राहकांना मेलने पाठवलेली स्वतःचीच बिलं अडवून बसतात.

पॉप, आयमॅप आणि जुने मेल

‘मेल तर माझ्या फोनवर आहेत,’ या भरवशावर जुनं खातं बंद करू नका. मेल वाचायच्या पद्धती दोन, आयमॅप आणि पॉप. आयमॅपमध्ये फोन दाखवतो ते सर्व्हरवरचं. तिथलं पुसलं की फोनवरूनही जातं. पॉप मेल संगणकावर उतरवतो आणि ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हे निवडलं नसेल तर सर्व्हरवरून काढून टाकतो. स्थलांतर करताना थंडरबर्ड या मेल ॲपमध्ये जुनं आणि नवं अशी दोन्ही खाती आयमॅपने जोडा आणि फोल्डर इकडून तिकडे कॉपी करा. पोर्ट (जोडणी करताना भरायचे क्रमांक): आयमॅपला ९९३, पॉपला ९९५, पाठवायला ४६५ किंवा ५८७. पाठवायचा जुना पोर्ट २५ घरच्या इंटरनेटवर बहुधा अडवलेला असतो.

रजिस्ट्रारकडे दिलेला पत्ता

रजिस्ट्रारच्या खात्यात त्याच डोमेनवरचा ईमेल दिला असेल तर आजच बदला. डोमेनची मुदत संपली की मेल बंद, म्हणजे नूतनीकरणाची आठवण आणि पासवर्ड रीसेटची लिंक दोन्ही तुम्हाला मिळत नाहीत. डॉट कॉम डोमेन रद्द झाल्यावर ३० दिवस जादा शुल्क भरून परत मिळवता येतं, पुढचे ५ दिवस काहीच करता येत नाही आणि मग ते कुणालाही घेता येतं. वेबसाइट बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यात घेतलं असेल तर ट्रान्स्फरचा ऑथ कोड (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला लागणारा कोड) मागून घ्या, तोही काम चालू असतानाच.